फेडीची गोष्ट

मराठी कथा-कादंबरीत कर्ज उदंड आहे. फेड मात्र जवळजवळ नाही. एवढे मोठे विधान पहिल्याच ओळीत केले म्हणजे जाणकार वाचक दोन-चार पुस्तकांची नावे घेऊन अंगावर येणार, हे मी गृहीत धरले आहे. त्यांनी खुशाल यावे. मलाही ती पुस्तके वाचावयाची आहेत. पण आजवर जे वाचनात आले त्यावरून सांगतो की, आमच्या लेखकांना कर्ज काढण्याचा प्रसंग रंगविता येतो, कर्जापायी होणारा सत्यानाश तर फारच चांगला रंगविता येतो. परंतु काढलेले कर्ज एखादे घर महिन्यामागून महिने, ताटातला घास आखडता घेऊन कसे फेडते, हे पाहावयास ते थांबत नाहीत. मुलीचे लग्न निघते, विहिरीला पाणी लागत नाही, मुलगा शिकावयास शहरात जातो, की सावकार उंबऱ्याशी येऊन बसलाच! मग दोनच वाटा. एक तर घरावर जप्ती येते आणि नायक दोर जवळ करतो किंवा मुंबईची गाडी पकडतो. नाही तर एक वाक्य येते: ‘पुढे पाच वर्षांत त्याने सारे कर्ज फेडले.’ त्या पाच वर्षांत त्या घरात कोणते सण झाले नाहीत, कोणाचा चष्मा बदलावयाचा राहिला, कोणत्या नातेवाइकाकडे जाणे बंद झाले, हे सारे त्या एका वाक्याच्या पोटात गडप होते. हे वाक्य किती सोयीचे असते ते मी धंद्यातला माणूस म्हणून जाणतो.

मी कोणी विद्वान समीक्षक नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण गेले नाही आणि अर्थशास्त्राचा ग्रंथ मी कधी उघडलेला नाही. मुलांना गणित शिकवितो, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. या दोन उद्योगांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे आमच्या हेडमास्तरांना वाटत नाही. परंतु सरळव्याजाचे उदाहरण फळ्यावर लिहिताना तो संबंध मला दर वर्षी नव्याने दिसतो. ‘रामरावांनी दरसाल दरशेकडा १२ दराने ५,००० रुपये ३ वर्षांसाठी कर्जाऊ घेतले, तर मुदतीअखेर त्यांना किती रक्कम द्यावी लागेल?’ या रामरावांना तीन वर्षांत एकदाही ताप येत नाही. त्यांच्याकडे पाहुणे उतरत नाहीत, त्यांचा बैल मरत नाही, मेव्हण्याला नड पडत नाही. मुदत संपताच ते ६,८०० रुपये मोजून देतात आणि पुढच्या उदाहरणात पुन्हा कर्ज काढावयास मोकळे होतात! गणिताच्या पुस्तकातल्या रामरावांना फेड आहे पण संसार नाही; कादंबरीतल्या रामरावांना संसार आहे पण फेड नाही. आमच्या आळीतल्या रामरावांना दोन्ही असते, आणि त्यांच्यावर कोणी काही लिहीत नाही.

वास्तविक आमच्या भाषेने हा विषय लेखकाच्या हाती आयता दिला आहे. घेण्याच्या बाजूला शब्दांची रेलचेल: कर्ज, ऋण, देणे, उधारी, उसनवारी, हातउसने, गहाण, तारण. ‘ऋण काढून सण’ करणाराची चेष्टा आणि ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हा उपदेश, हेही तयार आहेत. परत देण्याच्या बाजूला शब्द थोडे, पण त्यांतला ‘फेडणे’ हा एकच शब्द पाहा. फेडणे म्हणजे मुळात सोडणे, गुंडाळलेले उलगडणे. लुगडे फेडतात, नवस फेडतात, आईबापांचे पांग फेडतात, डोळ्यांचे पारणे फेडतात. कर्ज ही गाठ आहे आणि कोणाच्या तरी नखांनी ती सोडवावी लागते, एवढा अर्थ त्या शब्दात बसलेला आहे. आपण मात्र बोलताना ‘कर्ज फिटले’ म्हणतो. फिटले म्हटले की कर्ता नाहीसा झाला. जणू गाठ आपोआप सुटली! मराठी कादंबरीचे व्याकरण हे ‘फिटले’चे व्याकरण आहे. नखे कोणाची, हे ती विचारीत नाही.

ही उदासीनता कोठून आली असावी? माझा तर्क सांगतो. तो तर्क म्हणूनच घ्यावा. कर्जमुक्तीचे जे सर्वांत थोर चित्र आपल्या मनावर लहानपणापासून कोरलेले आहे ते इंद्रायणीच्या काठचे आहे. तुकारामांच्या घरी महाजनकी होती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात घर होरपळले. आणि पुढे त्यांनी येणे रकमांची खते काढून, धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याचा अर्धा वाटा देऊन, आपला अर्धा वाटा नदीत बुडविला, असे परंपरा सांगते. दुसरे चित्र १२ मे १८७५ चे. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते बाहेर काढून जाळली, आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पसरले. त्यातूनच पुढे १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. एकीकडे पाणी, दुसरीकडे आग. दोन्ही ठिकाणी कागद नाहीसा होतो. घेतलेले पैसे मोजून देऊन, आपले खत परत घेऊन, ते घडी करून घरी आणणारा माणूस या दोन्ही चित्रांत नाही. साहित्याला भव्यतेची ओढ असते. आणि घडी केलेल्या कागदात भव्य काय दिसणार?

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. त्या शेतकऱ्याने फेडावयास हवे होते असे मी म्हणत नाही. जे कर्ज फेडताच येणार नाही अशा रीतीने दिले जाते, त्याच्या फेडीची गोष्ट सांगणे हा क्रूरपणा होईल. दख्खनच्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगानेसुद्धा, लग्नकार्यातल्या उधळपट्टीने रयत बुडाली या आवडत्या सिद्धान्ताला फारसे महत्त्व दिले नाही. आणि जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना सारा, कचेऱ्या, कोर्ट आणि अंमलदार यांच्या साखळीवरच बोट ठेवले. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ (२००२) वाचली म्हणजे ती साखळी सव्वाशे वर्षांनी कोठवर येऊन पोहोचली ते दिसते. शिकून नोकरी न मिळालेला एकनाथ, त्याच्या घरातली चिडचिड, बायकोचे दुरावत जाणे, यांत कर्जाचा आकडा पानोपानी सांगितलेला नसला तरी तो प्रत्येक संवादात हजर असतो. तिला २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो योग्यच होय. २०१९ साली महाराष्ट्र सरकारने कर्जमुक्तीची योजना काढली तेव्हा तिला महात्मा फुल्यांचे नाव दिले. असूड लिहिणाऱ्याला ते पाहून काय वाटले असते, हा विषय वेगळ्या लेखाचा.

माझे म्हणणे आहे ते दुसऱ्या घरांविषयी. महिन्याच्या महिन्याला काही ना काही हातात येते. कोणी कारकून आहे, कोणी कारखान्यात, कोणी दुकानात, कोणी माझ्यासारखा शाळेत. अशा घरांचे कर्ज फिटण्याजोगे असते आणि म्हणूनच त्याची फेड ही गोष्ट होऊ शकते. येथे जिंकण्या-हरण्याची शक्यता आहे. आणि जेथे ती आहे तेथेच कादंबरी आहे, असे आपण मानतो ना?

पण या घरांकडेही आम्ही बहुधा करुणरसाच्या चष्म्यातूनच पाहिले. १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलेला ‘एकच प्याला’ घ्या. सुधाकराची वकिली जाते, पैसा प्याल्यात जातो आणि सिंधू दळणे दळून घर चालविते. गडकऱ्यांची प्रतिभा वादातीत. त्या जात्याच्या घरघरीने तीन पिढ्या रडल्या. परंतु दळणाचे पैसे किती येत, त्यांतून वाण्याचे काय जाई, भाडे कसे भागे, हा हिशेब सिंधूने केलाच नसेल काय? भावाची मदत नाकारणारी ही बाई कमालीची स्वाभिमानी आहे. तिचा स्वाभिमान हिशेबाशिवाय एक दिवसही टिकला नसता. नाटककाराने तिला जाते दिले, अश्रू दिले, हिशेब दिला नाही. हिशेब करणारी बाई रडवीत नाही, अशी त्यावेळची समजूत असावी. ती अजून गेलेली नाही.

तिकडे परदेशात इब्सेनने मात्र १८७९ सालीच ही समजूत मोडली होती. त्याचे ‘डॉल्स हाउस’ आपल्याकडे अनंत काणेकरांनी ‘घरकुल’ या नावाने आणले. त्या नाटकाविषयी बोलताना आमचे समीक्षक शेवटच्या अंकात नोरा घर सोडून जाते त्या दाराच्या आवाजाविषयी बोलतात. मला पहिला अंक अधिक मोलाचा वाटतो. आजारी नवऱ्याला हवापालटासाठी नेता यावे म्हणून या बाईने त्याच्या नकळत कर्ज काढलेले आहे, त्यासाठी बापाची खोटी सही केली आहे. आणि मग कित्येक वर्षे ती घरखर्चातून, स्वतःच्या कपड्यांच्या पैशांतून वाचवून हप्ते भरते आहे. एका नाताळात तर खोलीचे दार लावून घेऊन ती रात्री-रात्री नकला करण्याचे काम करते. घरच्यांना वाटते, ती शोभेच्या वस्तू बनविते आहे! मैत्रिणीला हे सांगताना ती दमल्याचे सांगते, आणि त्या कामात एक गंमत होती असेही सांगते: आपण कमावतो आहोत याची गंमत. किती फेडले आणि किती उरले हे तिला नीट सांगता येत नाही. जे वाचले ते भरले, एवढेच तिला ठाऊक. अखेर ती घर सोडते त्याचे बळ कोठून आले? माझ्या मते त्या नकलांच्या रात्रींतून आले. फेडता फेडता बाहुलीची बाई झाली. दाराचा आवाज हा नंतरचा.

डिकन्ससारख्या लेखकालासुद्धा हे साधले नाही, हे येथे नोंदविले पाहिजे. त्याचे वडील १८२४ साली कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात गेले, आणि बारा वर्षांच्या पोराला बूट-पॉलिशच्या कारखान्यात डब्यांना चिठ्ठ्या चिकटवीत बसावे लागले. कर्ज म्हणजे काय हे त्याच्याइतके कोणा लेखकाला कळले असेल? ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधले मिकॉबर हे त्याच अनुभवाचे फळ. मिळकतीहून खर्च किंचित कमी तर सुख, किंचित जास्त तर दुःख, हे त्यांचे गणित जगभर गाजले. आणि ते गणित सांगणारा माणूस स्वतः जन्मभर देणेकऱ्यांना चुकवीत हिंडतो ही खरी मौज. पण शेवटी या मिकॉबरसाहेबांचे देणे फेडावयाची वेळ येते तेव्हा डिकन्स काय करतो? त्यांना ऑस्ट्रेलियाला पाठवून देतो! समुद्रापार ते मॅजिस्ट्रेट होतात, पै न् पै चुकती करतात, आणि ती वार्ता आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून कळते. म्हणजे ‘पुढे पाच वर्षांत’ हे वाक्य एकट्या मराठीचे नाही.

आता मी ज्याला फेडीचे वाङ्मय म्हणतो त्याचा एक नमुना सांगतो. माझ्या एका सहशिक्षकाच्या आईची हिशेबाची वही मी पाहिली आहे. मुलांच्या जुन्या वह्यांतली कोरी पाने काढून दाभणाने शिवलेली. पुढच्या बाजूने रोजचा खर्च, उलट्या बाजूने देणी. यजमान सूतगिरणीत. मुलीचे लग्न आणि पाठोपाठ यजमानांचे दुखणे यांमुळे पाच ठिकाणी देणे झालेले: दूधवाला, वाणी, गिरणीतली पतपेढी, पाटल्या गहाण ठेवलेला सोनार, आणि थोरले दीर. पतपेढीचा हप्ता पगारातूनच कापून जाई, म्हणून तिथे काही ठरविण्याचा प्रश्न नव्हता. सोनाराचे व्याज महिना शेकडा २, म्हणजे सालीना २४. दिरांचे हातउसने, त्याला व्याज नाही. आता माझ्या सातवीच्या वर्गातले कोणतेही पोर सांगेल की, ज्याचे व्याज जास्त त्याचे आधी फेडावे, बिनव्याजी आहे ते शेवटी. बाईंनी नेमके उलट केले. आधी दूधवाला, मग वाणी, त्यानंतर तीन वर्षे थोडेथोडे करून दीर. आणि सोनाराकडे त्या साऱ्या काळात नुसते व्याज.

मी त्यांना विचारले. दूधवाल्याचे कारण त्यांनी लगेच सांगितले: तो सकाळी सहाला दारात उभा राहून बोलतो, आणि त्या वेळी चाळीतली सगळी दारे उघडी असतात. वाण्याचे कारण त्याहून साधे. त्याची बाकी फार वाढली की नव्या मालाला तो हात आखडतो आणि जुना तांदूळ आपल्या पिशवीत घालतो. पण दीर? ते तर बिनव्याजी! त्या हसल्या. म्हणाल्या, “मास्तर, सोनार व्याज घेतो आणि गप्प बसतो. भाऊजी व्याज घेत नाहीत, पण गप्पही बसत नाहीत.”

या एका वाक्यात एका कादंबरीचा ऐवज आहे, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. कोणाचे देणे आधी द्यावयाचे, हा प्रश्न गणिताचा खराच. पण घरात तो अब्रूचा, रागालोभाचा, उद्याच्या गरजेचा प्रश्न होऊन येतो. घरमालक दरडावतो म्हणून त्याला आधी, की शाळेची फी आधी? मित्राने मागितले नाही म्हणून त्याचे मागे ठेवावयाचे, की न मागण्याबद्दल त्याचेच आधी द्यावयाचे? माणसाचे चरित्र त्याने कर्ज का काढले यावरून फारसे कळत नाही. नड सर्वांनाच असते. ते त्याच्या फेडीच्या क्रमावरून कळते.

त्याच वहीत दुसरी एक नोंद होती. दर महिन्याला, न चुकता, ‘पोस्ट’ असा शब्द आणि पुढे एक लहानसा आकडा. सोनाराचे व्याज एखाद्या महिन्यात तुंबले, तरी ती ओळ तुंबली नव्हती. पोस्टात मिळणारे व्याज सोनाराच्या व्याजाच्या निम्मेही नव्हे. एका हाताने २४ टक्क्यांनी घ्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने त्याहून कितीतरी कमी दराने ठेवावयाचे, हा उघड तोट्याचा व्यवहार! परंतु पुढे त्या सूतगिरणीला टाळे लागले. पगार थांबला, पतपेढीच्या नोटिसा जामिनदारांच्या घरी जाऊ लागल्या, सोनाराकडे ठेवावयास दुसरे काही उरले नव्हते. त्या वर्षीचा पावसाळा घराने पोस्टातल्या पैशांवर काढला. तेव्हा माझ्या गणितातली उणीव मला दिसली. सावकाराच्या हाती दिलेला रुपया व्याज वाचवितो, यात शंका नाही. पण काम थांबल्यावर तो रुपया ‘परत द्या’ म्हणून मागता येत नाही. हाताशी असलेला रुपया कमी कमावतो, पण तो बोलावल्यावर येतो. याचा अर्थ सोनाराला जन्मभर व्याजच भरीत बसावे असा नव्हे. बाईंनीही पुढे पाटल्या सोडवून आणल्या, आणि त्या उशिराची किंमत त्यांनी व्याजाने मोजली. पण किंमत मोजून त्यांनी काय विकत घेतले, ते गणिताच्या पुस्तकाला दिसत नाही. कादंबरीकाराला दिसावयास हवे.

ही दृष्टी आपल्या वाङ्मयात मुळीच नाही असे नाही. पण ती सापडते ती बहुधा बायकांच्या लेखनात, किंवा जेथे लेखकाने बाईचा हात धरला आहे तेथे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चे (१९३४–३६) कौतुक सारे जण करतात; त्यातला विनोद, त्यातला साधेपणा. पण रेव्हरंड टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, आणि तरी घर टिकले; ते कसे टिकले याची हकीकत म्हणून ते पुस्तक कोणी वाचले आहे काय? कवीच्या औदार्याची किंमत स्वयंपाकघरात कशी चुकती होते, हे त्यात आहे. तेही गाऱ्हाण्याचा सूर न लावता, आणि आपण काही मोठे केले असा आव न आणता. उद्धव शेळक्यांची ‘धग’ (१९६०) ही तर मला या दृष्टीने मराठीतली फार मोठी कादंबरी वाटते. वऱ्हाडातली कौतिक, तिचा ढिला नवरा महादेव, त्याला पुढे होणारा महारोग, आणि मजुरी करकरून घर ओढणारी ती. शेळके तिच्या दारिद्र्याचे वर्णन करीत बसत नाहीत; ती आज काय आणील आणि त्याचे काय काय करील, यातच ते गुंतलेले असतात. म्हणून अखेरीस तिचे भान सुटते तेव्हा आपल्याला कीव येत नाही. एक चोख हिशेबनीस आपल्या डोळ्यांदेखत हरला, असे वाटून छाती दडपते. कीव वाटणे आणि छाती दडपणे यांतला फरक हाच चांगल्या कादंबरीचा फरक.

जयंत पवारांचे ‘अधांतर’ (१९९७) या ओळीत बसते की नाही, याबद्दल माझे मन द्विधा आहे. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतरचे गिरणगावातले घर त्यांनी असे उभे केले आहे की, त्या खोलीतली हवा प्रेक्षकाच्या नाकात जाते. पण ते नाटक पडझडीचे आहे, आणि पडझडीचे नाटक म्हणून पूर्ण आहे. त्याकडून फेड मागणे अन्यायाचे. तक्रार आहे ती इतरांविषयी. त्याच गिरणगावात एकट्या कामगारांना महिनेवारीने जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका होत्या. कामगार महिन्याअखेर पैसे देणार. वाणी मात्र रोज हवा. म्हणून त्या वर्षानुवर्षे सावकारी व्याजाने पैसे उचलीत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले आणि बँकांचे कर्ज त्यांच्यापर्यंत आणले. सावकाराचे देणे बँकेच्या पैशाने फेडावयाचे, बँकेचे हप्ते डब्यांच्या पैशांतून. आणि सात वर्षांत जेवणारेच संपावर! या बायकांचे पुढे काय झाले असेल? कोणी टिकली, कोणी बुडाली, कोणी टिकलेलीने बुडालेलीचा हप्ता भरला. एवढा विषय आमच्या दारात पडलेला असून त्यावरची कादंबरी माझ्या वाचनात नाही.

आज या विषयाला निराळीच धार आली आहे. सावकार आता उंबऱ्याशी बसत नाही. तो खिशातल्या फोनमध्ये असतो आणि रात्री अकरालाही उघडा असतो. जुना सावकार निदान ‘दरमहा दरशेकडा’ असे स्पष्ट बोले. आता ‘१२ टक्के फ्लॅट’ असे गोड नाव असते. एक लाख रुपये वर्षासाठी, व्याज १२ हजार, बारा हप्ते ९,३३३ रुपयांचे. ऐकावयास किती सोपे! पण पहिल्या हप्त्यापासून मुद्दल परत जात असते, वर्षभर पुरे लाख रुपये काही आपल्याजवळ राहत नाहीत. सरासरीने निम्म्याच्या थोडेसे वर राहतात. हिशेब मांडला तर खरा दर २१ टक्क्यांच्या वर जातो. हा हिशेब मी मुलांकडून करून घेतो तेव्हा वर्गात जी शांतता पसरते ती कवितेच्या तासालाही पसरत नाही. बहुतेकांच्या घरी कोणती ना कोणती वस्तू हप्त्यावर आलेली असते.

२०२० साली साथीमुळे सारे बंद झाले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट हप्ते न भरण्याची सवलत दिली. हप्ते थांबले, व्याज थांबले नाही. व्याजावरचे व्याज घेऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये सांगितले. सवलत घ्यावी की पोट बांधून हप्ता भरावा, हा वाद त्या सहा महिन्यांत किती घरांत रात्री दिवा मालवल्यावर झाला असेल! आणि फोनवरचे कर्ज थकले की वसुलीवाले काय करीत? फोनमधली नावे काढून मामाला, मास्तरांना, व्याह्यांना फोन लावीत. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली ही नावे पाहण्यास कर्जाच्या ॲपना बंदी केली. पण तोवर सकाळी सहाला चाळीच्या दारात बोलणारा तो दूधवाला साऱ्या देशाच्या खिशात जाऊन बसला होता.

या भीतीवर उतारा म्हणून पुस्तकांच्या दुकानांत श्रीमंतीची पुस्तके मांडलेली असतात. ‘रिच डॅड पुअर डॅड’ मीही वाचले. त्यातला गरीब बाप शिक्षणखात्यातला आहे, हे वाचून मला आश्चर्य वाटले नाही! त्या पुस्तकात काही शहाणपणाच्या गोष्टी आहेत. राहते घर म्हणजे मिळकत नव्हे, हे त्याचे म्हणणे विचार करण्याजोगे आहे. परंतु त्या जगातही आमच्या रामरावांप्रमाणेच कोणाला ताप येत नाही, आणि भाऊजी नाहीत. पैशाविषयी लिहिण्याचे काम कादंबरीकारांनी सोडून दिले म्हणून ते या लोकांकडे गेले. त्यांना दोष का द्यावा?

मला हवी असलेली कादंबरी काटकसरीचे धडे देणारी नव्हे. तिच्यातली माणसे चुकतील, हट्टाने चुकीचे देणे आधी देतील, एखादा हप्ता चुकवून सिनेमाला जातील आणि त्या सिनेमाचा आनंद त्यांना मनापासून होईल. जामीन राहिलेल्या मित्राच्या पगारातून पैसे कापले गेल्यावर शिक्षकांच्या खोलीत दोघे एकमेकांसमोर चहाचा कप कसा उचलतात, याचे एक प्रकरण तीत असेल. आणि तिचा शेवट? शेवटचा हप्ता भरला म्हणजे कर्ज संपते असे ज्यांना वाटते त्यांनी कधी कर्ज फेडलेले नाही. बँकेतून बेबाकी दाखला मिळवावा लागतो. तो घेऊन तलाठ्याकडे जावे लागते, अर्ज द्यावा लागतो, फेरफार व्हावा लागतो. तेव्हा कोठे सातबाऱ्यावरचा बोजा उतरतो. पैसे कधीच दिलेले आहेत आणि कागदावर बोजा अजून उभा आहे, असे आठ-दहा दिवस, कधी आठ-दहा महिने असतात. एखादी बाई तो दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी पदराखाली धरून, तलाठी कार्यालयाच्या बाकावर बसली आहे. समोरची खुर्ची रिकामी आहे. शिपाई सांगतो, साहेब मीटिंगला गेले, गुरुवारी या.